ऊन विकणे आहे

मराठवाड्यात भिंतीवर जितका समुद्र दिसतो तितका कोकणातही दिसत नसेल. खत-बियाण्यांच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर खिळ्याला अडकवावं, तर त्यावर हमखास निळं पाणी, त्यात एक पांढरी होडी आणि कोपऱ्यात वाकलेलं एखादं झाड. कोकणातल्या माणसाला ह्या चित्राची गरज नाही. त्याच्या मागीलदारी समुद्र भरती-ओहोटीसकट हजर असतो. आम्हा तेरखेडकरांचं तसं नाही. आम्ही बालाघाटच्या माथ्यावरचे, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले. आमच्या दारावरून दिवसरात्र वाहतो तो सोलापूर-धुळे महामार्ग, आणि त्याला ओहोटी ठाऊक नाही.

परवा भाचीच्या मुलाने पुण्याहून येताना सहलीची एक पुस्तिका आणली. गुळगुळीत कागद, हात लावावा तिथे बोटाचा ठसा उमटणारा. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्हॅलेन्सिया शहर, भूमध्य समुद्राच्या काठचं. बारा महिन्यांना बारा पानं, आणि प्रत्येक पानावर त्या महिन्यात तिथे जाऊन काय काय करावं याची यादी. पण पहिल्या पानावर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, कसली जाहिरात होती? उन्हाची. वर्षाचे तीनशे दिवस लख्ख ऊन, त्वरा करा. मी हे वाचत होतो तेव्हा एप्रिलची दुपार होती, डोक्यावरचा पत्रा तडतड वाजत होता आणि समोरच्या लिंबाखाली कुत्रं चारी पाय चार दिशांना टाकून पडलं होतं. आयुष्यभर जे आमच्या अंगावर फुकट ओतलं गेलं, त्याला कुठेतरी भाव आहे, ही बातमी मला जरा उशिराच कळली.

उन्हाशी आमचं नातं जाहिरातीचं कधी नव्हतंच. लहानपणी वैशाखात बारानंतर अंगणात पाऊल टाकायचं तर आईची परवानगी लागे, आणि परवानगीबरोबर चड्डीच्या खिशात एक कांदा मिळे. ऊन लागू नये म्हणून. दुपारभर तो कांदा मांडीला आपटत राही, कोमट होई, त्याची वरची सालं खिशातच सुटत, आणि संध्याकाळी तो निमूटपणे टोपलीत परत जाई. रात्री पिठल्याबरोबर तोच कांदा बुक्कीखाली फुटला की मला वाटे, माझ्या वाटचं ऊन ह्यानं दिवसभर पिऊन ठेवलंय, आणि आता घरातले सगळे ते वाटून घेऊन खाताहेत. पुस्तिकेतल्या फोटोत माणसं उन्हात मुद्दाम झोपली होती. अंगाला तेल लावून, उताणी, डोळे मिटून. त्यांच्यापैकी कुणाच्याच खिशात कांदा नसावा. मुळात खिसेच नव्हते.

तीही माणसं पूर्वी शहाणीच होती म्हणा. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया 1890 च्या दशकात फ्रान्सच्या नीस गावी मुक्कामाला जायची, पण वसंताच्या तोंडाशी. उन्हाळा लागला की बडी मंडळी आपापल्या थंड देशी परतत आणि समुद्रकाठच्या हॉटेलांना कुलपं लागत. रापलेली कातडी ही शेतमजुराची ओळख होती. घरंदाज बायका छत्रीबाहेर नाक काढत नसत. पुढे 1920 च्या दशकात वारं फिरलं, रापणं ही ऐपतीची खूण झाली, आणि ज्या उन्हापासून लोक पळत होते त्याच उन्हासाठी ते तिकीट काढू लागले. म्हणजे उन्हाला भाव येऊन जेमतेम शंभर वर्षं होताहेत. कापसाचा, तुरीचा भाव वाढल्याची बातमीसुद्धा आमच्यापर्यंत माल विकून झाल्यावरच पोहोचते. त्या मानाने हे काही फार नाही.

पुढे पर्जन्यमानाचं पान आलं आणि मी चष्मा पुसला. व्हॅलेन्सियाचा वर्षाचा पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या जिल्ह्याची सरासरी सहाशेच्या वर. म्हणजे ज्यांच्या नावापुढे सरकारी कागदात ‘अवर्षणप्रवण’ लागतं ते आम्ही, आणि आमच्याहून कमी पावसावर संत्र्यांच्या बागा पिकवून युरोपभर धाडतात ते ते. त्यांच्याकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस येतो तो शरदात आणि थंडीत, हप्त्याहप्त्याने. आमचा चार महिन्यांत जे काय द्यायचं ते देऊन जातो; त्यातही सह्याद्री चढताना बरंचसं ओझं त्याने कोकणात उतरवलेलं असतं, आमच्याकडे पोहोचेपर्यंत तो हात हलवत येतो. आणि 2016 च्या एप्रिलात तर पाणीच रेल्वेत बसून आलं. मिरजेहून लातूरला निघालेली ती टँकरची गाडी आमच्याच जिल्ह्यातून गेली. पाण्याला खिडकीची जागा मिळालेली तेव्हा प्रथम पाहिली.

त्या पानावरून पुढे सरकायला मला वेळ लागला, कारण खाली एका न्यायालयाचा फोटो होता. व्हॅलेन्सियात पाण्याचं न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला तिथल्या मोठ्या चर्चच्या दाराशी आठ कालव्यांचे आठ शेतकरी काळे अंगरखे घालून खुर्च्या मांडून बसतात. कुणी दुसऱ्याच्या पाळीचं पाणी फोडलं, कुणी चारी साफ केली नाही, कुणी दांडाने जास्त ओढलं, असल्या तक्रारी. फिर्याद तोंडी, जबाब तोंडी, निकाल तोंडी आणि तिथल्या तिथे. वकील नाही, कागद नाही, पुढची तारीख नाही. अरबांच्या काळातल्या पाटपाण्यापासून चालत आलेली ही रीत. 2009 साली युनेस्कोने तिला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. पुष्कळ गुरुवारी तक्रारच नसते. मग भालदार एकेका कालव्याचं नाव पुकारतो, कुणी पुढे येत नाही, आणि आठही जण उठून जेवायला घरी जातात. मला फार हेवा वाटला. आमच्याकडे बांधाची केस आजोबा लावतात, बाप तारखा करतो आणि नातवाला निकाल लागतो, तोवर दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून बांधच उरलेला नसतो. ह्या आठ जणांना एखाद्या गुरुवारी इकडे बोलवावं, चहापाणी करावं, असं मनात आलं. पण ते बसून करतील काय? पाणी चोरीला जायला आधी कालव्यात यावं लागतं.

नदी आमच्याकडेही आहे. नुसती आहे असं नाही, तेरणेचा उगमच आमच्या परिसरातला. नदीचा उगम म्हटल्यावर पाहुण्याच्या डोळ्यांपुढे कुंड, गोमुख, दोन ब्राह्मण आणि एक फुलवाली उभी राहते. त्याला मे महिन्यात उगम दाखवायला नेलं की तो बराच वेळ दगडांकडे पाहतो आणि मग सौजन्याने विचारतो, ‘आणि नदी?’ नदी पुढे गेलेली असते. व्हॅलेन्सियाच्या लोकांनी 1957 च्या मोठ्या पुरानंतर आपली तूरिया नदीच उचलून गावाबाहेरून वळवली. रिकाम्या पात्रात मोटारींचा रुंद रस्ता करायचा घाट घातला गेला होता. लोकांनी तो हाणून पाडला आणि तिथे बाग झाली, मैलोगणती लांब. जुन्या पुलांखालून आता सायकली जातात, पोरं फुटबॉल खेळतात. आमच्या पोरांनी तेरणेच्या पात्रात स्टंप रोवायला कुणाच्या आराखड्याची वाट पाहिली नाही, एवढाच फरक. पण पात्र मोकळं दिसलं म्हणून पाणी वाट विसरत नाही. 29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सिया प्रांतात काही ठिकाणी वर्षाचा पाऊस काही तासांत कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात आमच्या भूम-परंड्याकडे उभं सोयाबीन, दावणीची जनावरं, सगळं पाण्याखाली गेलं. पुस्तिकांमध्ये ह्या तारखांचं पान नसतं. सहलीला कुणी त्या दिवसांसाठी जात नाही.

पुस्तिका मिटली तेव्हा वाटलं, तेरखेड्याचीही अशी एक काढावी. बारा पानांची. पाहुण्याला बाराही महिने आमच्याकडे काहीतरी दाखवता येईल. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, वेळ अमावस्येला, गावाला कुलूप लागतं. सगळी माणसं शेतात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडतात, आणि मग सगळ्या भाज्या, सगळ्या शेंगा एकाच पातेल्यात शिजून झालेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात थंड झालेलं आंबिल. आंबिलाचा दुसरा ग्लास पोटात गेला की ज्वारीच्या धाटांमधून वाहणारा वारा आपल्याशीच बोलतोय असं वाटायला लागतं आणि तिसऱ्यानंतर आपण त्याला उत्तर देतो. भूमध्य समुद्राकाठी दुपारची झोप हा संस्कृतीचा भाग समजला जातो. वेळ अमावस्येला दुपारी तीन वाजता आमच्या शिवारातून एक चक्कर मारा. कोपीगणिक एक संस्कृती घोरत पडलेली दिसेल.

चैत्री पौर्णिमेचं पान येरमाळ्याचं. येरमाळा इथून जवळच. येडेश्वरीच्या यात्रेला लाखो माणसं येतात. पालखी आमराईकडे निघाली की वाटेतल्या रानात सगळे खाली वाकतात आणि चुन्याचे पांढरे खडे वेचू लागतात. ऊन मी म्हणत असतं. मातीतून खडा निवडायचा, पदरात किंवा टोपीत टाकायचा, आणि तो देवीच्या पुढ्यात नेऊन ओतायचा; ह्याच चुन्याने तिचं देऊळ पांढरं होतं. कॅलेंडरावरच्या त्या समुद्रकाठच्या गावांत घरं पांढरीशुभ्र असतात ना, तीही चुन्यानेच, ऊन परतवण्यासाठी. तिकडे घरमालक आपापला चुना आणतो. इकडे एका घराला चुना द्यायचा म्हणून लाखभर माणसं कमरेत वाकतात, आणि त्यातल्या बहुतेकांची स्वतःची भिंत मात्र गेल्या पोळ्यानंतर तशीच राहिलेली असते.

काही पानं आमच्याकडे आयती आहेत, फक्त ती सण म्हणून छापायचं कुणाला सुचलं नाही. व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक एकमेकांना पिकलेले टोमॅटो फेकून मारतात आणि त्यासाठी तिकीट घेतात. भाव पडला की आमच्याकडेही टोमॅटो रस्त्यावर फेकतात, पण प्रेक्षकांसह सगळं विनातिकीट. तिथे लव्हाळ्याच्या एका चुलतभावाच्या गाठी दळून दुधासारखं गोड पेय करतात, ओर्चाता. ज्या लव्हाळ्याच्या गाठी खुरपून खुरपून आमच्या बायकांच्या कमरा गेल्या, त्याचं भाऊबंद तिकडे पेल्यातून बर्फ घालून दिलं जातं! द्राक्षांचंही पाहा. तिकडे वेल थंडीत पानं गाळून झोपतो आणि सप्टेंबरात द्राक्षं देतो. आमच्याकडे त्याला झोपवेल अशी थंडीच पडत नाही, मग शेतकरीच त्याची छाटणी करतो, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरात गोडी. वेलाला वाटतं हिवाळा येऊन गेला. कात्री हाच आमचा हिवाळा.

आणि समुद्रापलीकडचं हे येणंजाणं काही आजचं नव्हे. तेरणेच्याच काठी खाली तेर आहे, गोरोबाकाकांचं तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत त्याचं नाव ‘तगर’ म्हणून येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरावर जाई आणि तिथून पश्चिमेला. तेरला रोमन घाटाचे मातीचे दिवे सापडले, हस्तिदंती मूर्ती सापडली. तशाच घडणीची एक हस्तिदंती स्त्री 1938 साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली, अंगभर दागिने, पायात जड वाळे. ती दख्खनची असावी, कदाचित तेर-भोकरदनकडची, असं पुष्कळ अभ्यासकांचं मत आहे. सन 79 मध्ये व्हेसूव्हियस फुटला तेव्हा ती तिथे होती. म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या उन्हाला गेलेली आमच्याकडची पहिली बाई ती, आणि तिकडेच राहिली. आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरच्या संग्रहालयातल्या मूर्तीसमोर उभं राहिलं की मला उगाच वाटतं, हिला बहिणीची काही खबर सांगावी. तब्येत बरी आहे, हवा मानवली, म्हणून.

पण तेरखेड्याच्या पुस्तिकेचं मधलं पान, पिना काढून भिंतीला लावता येईल असं, ते फटाक्यांचंच असणार. महामार्गाच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या रांगा, आणि गावापासून दूर माळावर एकेकट्या उभ्या छोट्या खोल्या, एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या. तो अबोला नियमाचा आहे. एकीला काही झालं तर दुसरीला लागू नये. जे ऊन आमच्या पिकांच्या मुळावर उठलं त्यानेच हा धंदा पोसला. शिवकाशीचंही तसंच. तिथल्या कोरड्या रानात शेतीचा भरवसा नाही म्हणून 1922 साली दोन तरुण नाडार चुलतभाऊ कलकत्त्याला काडेपेट्यांचं काम शिकायला गेले, आणि परतल्यावर त्या उन्हाचं सोनं केलं. दारूला ओल सोसत नाही. हवा कोरडी हवी, वाळवण कडक हवं, आणि हे दोन्ही देवाने आम्हाला न मागता दिलंय. पावसाळी ढग दाटून आले की शेतकरी वर बघून हात जोडतो आणि त्याचाच कारखान्यात जाणारा भाऊ वाळत घातलेला माल आत घेत तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतो. एकाच ओसरीवरून दोन अर्ज जातात. वर कुणाचा मंजूर करावा हा घोळ असावा, म्हणून पाऊस असा अर्धवट पडतो.

तिथे काम करणाऱ्या बायका ओळखू येतात त्या हातांवरून. चंदेरी भुकटी कातडीच्या रेषारेषांत जाऊन बसते. दुपारी भाकरीआधी साबण लावून, मातीने घासून, पुन्हा साबण लावून हात धुतात तरी नखांच्या कडेला चांदीची बारीक कोर राहतेच. दिवाळीच्या रात्री दूर कुठल्यातरी शहरात ती भुकटी क्षणभर आभाळात फुलते, पोरं टाळ्या पिटतात. इकडे त्या बायका दिवे लागल्यावर दार लोटून बसतात. मोठ्या आवाजाला दचकतात. वर्षभर ज्या आवाजाची मोट बांधायची, तो कामाच्या जागी फुटू नये एवढंच मागायचं, अशा धंद्यात आवाजाची हौस उरत नाही. माळावर अपघात झालेले आहेत, गावाला ते पाठ आहेत, आणि कुणी ते मोठ्याने उजळत नाही.

व्हॅलेन्सियाच्या मार्चच्या पानावर मी म्हणून तर अडकलो. 19 मार्चला, सुतारांच्या संताच्या दिवशी, तिथे फायास नावाचा सण होतो. लाकूड-कागदाचे दोन-तीन मजली पुतळे चौकाचौकात उभे करतात, पुढाऱ्यांची टिंगल करणारे, आणि रात्री पेटवून देतात. आमची होळी, तीही त्याच सुमाराला. एक पुतळा लोकांच्या मताने वाचवून संग्रहालयात ठेवतात. आमच्याकडे ही सवलत पुढाऱ्यांनाच आहे. पण खरी गंमत त्याच्या आधीची. 1 मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांच्या माळा लावतात. दिसत काही नाही, धूर तेवढा. ऐकायचा तो आवाज, एका लयीत चढत जाणारा, शेवटी पायांखालची जमीन थरारते तिथपर्यंत. लोक छातीवर हात ठेवून ते ऐकतात आणि संपल्यावर टाळ्या वाजवतात. आमच्या जिल्ह्यात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जमीन थरारलेली ज्यांनी अनुभवली, ते त्या शेवटच्या मिनिटाला चौकाबाहेर पडतील हे उघड आहे. बाकीचे मात्र थांबतील. तेरखेड्याचा माणूस तर नक्की; तो डोळे मिटून सांगेल, वात कुठे आखूड कापली गेली ते.

हे सगळं कुणाला तरी सांगणं भाग होतं. संध्याकाळी पुस्तिका घेऊन मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. आप्पा गल्ल्यावर बसून सुतळी बॉम्बचे डबे मोजत होते.

‘काय वाचायलाव गुरुजी?’

मी मार्चचं पान उघडून दाखवलं, सगळं सांगितलं. आप्पांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

‘दुपारच्या दोन वाजता? भर उन्हात? मंग दिसायचं काय?’

‘काही नाही. आवाज ऐकायचा.’

‘नुसता आवाज.’ आप्पांनी डबा खाली ठेवला. ‘आन् असं एकोणीस दिवस? रोज?’

‘रोज.’

आप्पा गप्प झाले. मार्च म्हणजे दिवाळी मागे पडलेली, लग्नसराईला अवकाश, निवडणुका असल्या तर असल्या. दुकानातला सगळ्यांत शांत महिना. त्यांच्या मनात हिशोब चालला होता, आणि तो मला कपाळावर दिसत होता.

‘तिथवर माल जाईल कसा?’

‘जहाजाने. मुंबईहून.’

‘म्हंजी समुद्रातनं?’

‘समुद्रातूनच.’

आप्पांनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली. ‘मंग नको. वाटंतच सर्दायचा की हो सगळा. त्येंला म्हणावं, आवाज ऐकायचा तर हिकडंच या. ऊन तर हायच,’ असं म्हणून त्यांनी बाहेर थांबलेल्या जीपमधल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं, आणि कुणाच्या तरी ग्रामपंचायतीच्या निकालासाठी आलेल्या त्या गिऱ्हाइकाला गुलाल कुठे मिळेल तेही सांगितलं.